डायनॅमो भरायचा की बदलायचा?

खानदेशात स्पोर्ट्स कारचं नाव काढलं तर लोक आधी रस्त्याकडे बघतात आणि मग तुमच्याकडे. कापसाच्या गाड्या, केळीचे ट्रक आणि मे महिन्यात पंचेचाळिशी गाठणारा पारा, यात दोन दारांची नखरेल गाडी सांभाळायची कुणी? तरी धुळ्यात एक स्टँडर्ड हेरल्ड आहे. तिच्या वायरिंगवरून एका मामा-भाचीत रंगलेला वाद इथे मांडतो आहे. मामा धुळ्याचे, आग्रा रोडवर उभी हयात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेले. भाची जळगावची, एमआयडीसीत पाण्याच्या पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवणारी इंजिनिअर. अशी मामा-भाची दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ सापडतील, म्हणून नावं देत नाही. वाद एका बैठकीत झाला नव्हता, मी तो सलग लावला आहे.

हेरल्ड तशी घरगुती गाडी, पण स्पोर्ट्स कारशी तिचं नातं सख्खं. ट्रायम्फने ती १९५९ मध्ये इंग्लंडात काढली, बॉडी बेतली इटलीच्या जिओव्हानी मिचेलोत्तीने. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती भारतात बनवायला घेतली. पुढच्याच वर्षी ट्रायम्फने हेरल्डची चासी आखूड करून तिच्यावर स्पिटफायर ही उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार उभी केली. इंजिन त्याच घराण्यातलं, बेतणारा मिचेलोत्तीच, आणि मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढच्या अंगाला उलटायची तऱ्हाही तीच. वीज दोघींची लुकासच्या वळणाची. त्यामुळे हेरल्डच्या डायनॅमोबद्दल जे बोलाल ते स्पिटफायरला लागू पडतं, आणि त्या काळच्या बहुतेक इंग्रजी स्पोर्ट्स कारनाही.

या लुकासची टिंगल इंग्लंडात अजून चालते. जोसेफ लुकास हा बर्मिंगहॅमचा माणूस, हातगाडीवर दिव्याचं तेल विकण्यापासून सुरुवात केलेला. त्याच्या कंपनीचा सायकलचा दिवा ‘किंग ऑफ द रोड’ नावाने खपला. पुढे मोटारींत त्याच कंपनीची वायरिंग आली आणि लोकांनी तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली. मला ही टिंगल अर्धीच खरी वाटते. पन्नास-साठ वर्षं उन्हापावसात काढलेली कुठलीही तार कुरकुरणारच.

आता वाद.

भाची : मामा, आधी एवढंच सांगा. गाडी चालवायची आहे की मांडून ठेवायची?

मामा : चालवायची. मांडायला गौरी-गणपती आहेत.

भाची : मग डायनॅमोला रामराम करा. मारुती आठशेचा अल्टरनेटर बसवू. एक पट्टी वाकवून घ्यावी लागेल, पुली जुळवावी लागेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मामा : आणि बॅटरी उलटी करावी लागेल, ते का सांगत नाहीस? गाडी प्लस अर्थची आहे.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजच्या प्रत्येक गाडीत बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडलेलं असतं. इंग्रजी गाड्यांत मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतकरून प्लस टोक बॉडीला असे. टोकं कमी गंजतात, प्लगना बरं पडतं, अशी कारणं त्या वेळी दिली जात. अशा गाडीला एखाद्याने आजच्या सवयीने बॅटरी लावली तर जुन्या दिव्यांचं आणि सेल्फचं फारसं बिघडत नाही. पण डिकीत कुणी नवा म्युझिक प्लेअर किंवा मोबाइलचा चार्जर बसवला असेल तर तो त्याच क्षणी जातो. अल्टरनेटरला तर उलटी बॅटरी अजिबात सोसत नाही, आतले डायोड जळतात.

भाची : उलटी करण्यात अवघड काय आहे? तुम्हीच तर मला लहानपणी दाखवलं होतंत. सेल्फला काही फरक पडत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात आणि मोटर त्याच बाजूला फिरते. इग्निशन कॉइलच्या दोन तारा अदलाबदल करायच्या. डायनॅमो ठेवायचा असेल तर त्याच्या एफ टोकाची तार सोडवायची आणि बॅटरीची तार त्या टोकाला क्षणभर टेकवायची. ठिणगी पडते, आतल्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व फिरतं, झालं.

मामा : झालं! ते ‘झालं’ म्हणायला चाळीस वर्षं लागली मला. बरं, अल्टरनेटर हवा कशाला ते बोल.

भाची : हिशेब करू. तुमचा डायनॅमो फार तर एकोणीस-बावीस अँपिअर देणार, तेही इंजिन पळतंय तेव्हा. सिग्नलला थांबलात की डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, म्हणजे बॅटरी भरत नाही, उलट रिकामी होते. हॅलोजनचे दोन साठ वॉटचे बल्ब लावले की दहा अँपिअर तिथेच गेले. इग्निशनचे तीन-चार, वायपरचे तीन-चार, मागचे दिवे, ब्रेक, इंडिकेटर आणि हॉर्न. पावसाळ्यातल्या रात्री पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत ट्रकच्या रांगेत अडकलात की बॅटरी संपलीच समजा. अल्टरनेटर इंजिनाच्या मंद चालीवरही चार्ज करतो. त्यात चुंबक फिरतं आणि जाड वळी जागेवर स्थिर असतात, त्यामुळे मोठा करंट कार्बनमधून जातच नाही. कार्बन फारसे झिजत नाहीत, आणि काळा पडायला कम्युटेटरच नसतो.

मामा : साठ वॉटचे बल्ब कुणी सांगितले? मूळ गाडीला पंचेचाळीस-चाळीसचे होते. जिची भूक जेवढी, तेवढं रांधणारा डायनॅमो तिला दिलेला होता. तुम्ही आधी भूक वाढवता आणि मग म्हणता चूल लहान आहे.

इथे मामांची बाजू वरचढ आहे, असं मला वाटतं. जुन्या गाडीतल्या विजेचा हिशेब काटेकोर असतो. त्यात एक मोठा बल्ब, एक भोंगा, एक पंखा असं करत माणूस स्वतःच तूट तयार करतो आणि मग ती भरून काढायला नवं यंत्र आणतो. पण भाचीचा रस्त्याबद्दलचा मुद्दा खोटा नाही. १९६५ साली धुळे-जळगाव रस्त्यावर रात्री किती गाड्या असतील? आता तो सुरत-नागपूर महामार्ग आहे आणि त्यावरचे ट्रक मंद दिव्याच्या हेरल्डची वाट बघत थांबत नाहीत.

मामा : आणि डायनॅमो बिघडला तर? तो भरता येतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळता येते. मी आर्मेचर भरून दिलेत, एकदोन नाही, ढिगाने. गाडीतून न सोडवता आधी तपासतो. डी आणि एफच्या तारा काढायच्या, दोन्ही टोकं एकत्र जोडायची, मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं बॉडीला. इंजिन जरा वाढवायचं, रेस नाही करायचं. काटा झरझर चढला तर डायनॅमो ठणठणीत, दोष कटआउटमध्ये. काटा हलला नाही तर मगच डायनॅमो खाली उतरवायचा. कार्बन बघायचे, कम्युटेटर पॉलिश पेपरने पुसायचा, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉच्या पात्याने जरा खाली घ्यायचा. मागच्या बुशच्या भोकात दोन थेंब तेल. हे तेल कुणीच घालत नाही, म्हणून बुश झिजतो, आर्मेचर घासतं आणि लोक डायनॅमोला शिव्या देतात.

भाची : भरणारे आहेत कुठे आता? जळगावात मोटर भरणारे शेकड्याने सापडतील, कारण केळीला पाणी लागतं आणि व्होल्टेज खालीवर झालं की पंप जळतो. पण ते थ्री फेजचे स्टेटर भरतात. कम्युटेटरवाल्या आर्मेचरची गोष्ट वेगळी. कुठल्या फटीतून निघालेली तार कुठल्या पट्टीवर जायची हे ज्याला कळतं असे हात कमी झालेत. तुमच्यानंतर धुळ्यात हे कोण करणार?

मामा : तू.

भाची : मी अल्टरनेटर बसवणार.

खानदेशाने हा ‘भरण्याचा’ धंदा शेतीमुळे टिकवला आहे. जळालेली मोटर फेकायची नाही, भरायला टाकायची, ही इथली रीत. मुंबई-पुण्यात जुन्या गाडीचा भाग बदलण्याकडे कल असतो, कारण तिथे भंगार बाजार जवळ आहे आणि परदेशातून पुडकं मागवायची ऐपत आहे. इथे भाग येईपर्यंत हंगाम निघून जातो. मामांचं शहाणपण या टंचाईतून आलं आहे, आणि भाचीला त्याची किंमत तिला वाटते त्याहून जास्त माहीत आहे. तिच्या स्वतःच्या पॅनेलांतसुद्धा ती दुरुस्त करता येतील असेच कॉन्टॅक्टर निवडते.

मग वायरिंगचा विषय निघाला, आणि पारडं फिरलं.

भाची : मामा, हे बघा. स्टिअरिंगच्या खाली ही तार वाकवली, आणि रबर बिस्किटासारखं तुटलं. आत तांबं हिरवं पडलंय. बॅटरीकडून इग्निशन स्विचपर्यंत ही तपकिरी तार सरळ येते, मध्ये फ्यूज नाही. ही तार कुठे घासली आणि बॉडीला लागली तर बॅटरीतला सगळा करंट तिच्यातून जाणार. तार तापणार, शेजारच्या तारा वितळणार. पेट्रोलची नळी तिथून हातभर अंतरावर आहे.

मामा : इतकी वर्षं नाही पेटली.

भाची : इतकी वर्षं रबर मऊ होतं. धुळ्यात उन्हाळ्यात बंद गाडीत हात ठेवून बघा.

मामा गप्प बसले. त्या काळच्या कितीतरी इंग्रजी गाड्यांत अख्ख्या यंत्रणेला एक-दोनच फ्यूज असत, काहींत तेही नसत. कारखान्याला पैसे वाचवायचे होते, यापलीकडे त्यात काही थोर परंपरा नाही. मूळ कारखान्यात झालेली काटकसर जपणं म्हणजे वारसा जपणं, असं मला तरी वाटत नाही.

भाची : आणि रंग बघा. मूळ वायरिंगला रंगांची भाषा होती. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर चालू होणारी. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली. लाल साइड लॅम्पची, निळी हेडलाइटची. निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे वरचा झोत, निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिपर. हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा, हिरव्यावर जांभळी ब्रेक लाइट. काळी अर्थिंगची. नकाशा नसला तरी गाडी वाचता यायची. आणि आता? हिरवीला घराच्या वायरिंगची पिवळी जोडलीय, पिवळीला कुणीतरी काळी. काळी म्हणजे अर्थ समजून मी हात लावला आणि ठिणगी उडाली.

मामा : रात्री दोन वाजता लळिंगच्या घाटात ट्रक बंद पडलाय, मागे रांग लागलीय, तेव्हा हातात जी तार आहे ती जोडतो माणूस. रंग बघत बसत नाही.

भाची : रात्री जोडा. सकाळी काढा. सकाळी कुणी काढलीच नाही.

या एका वाक्यावर वाद संपायला हरकत नव्हती. जुन्या गाड्यांना नव्या भागांनी जेवढं पिडलं नसेल, तेवढं तात्पुरत्या जोडांनी पिडलं आहे. टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड कुणाची तरी नड भागवून गेलेला असतो, आणि तो कशासाठी होता हे माहीत असलेला माणूस आता हयात नसतो. लुकासच्या नावावर खपवलेले निम्मे अंधार अशाच जोडांचे असावेत.

मामा : बरं, वायरिंग बदलू. पण सगळं बदलत सुटलीस तर उरणार काय? बठ्ठं बदली टाकशी, मंग गाडी कोनी?

(मामा चिडले की अहिराणीत येतात. भाचीला ते कळतं, म्हणून ती हसते आणि त्यामुळे ते आणखी चिडतात.)

मामा : आपल्या धुळ्यात इतिहाससंशोधक राजवाड्यांनी काय केलं? गावोगाव हिंडून मूळ कागद गोळा केले. वाळवी लागलेले, पाण्याने फुगलेले. त्यांच्यावर नवी शाई फिरवली का? जशी अक्षरं होती तशी वाचली, तशी छापली. ते गेले १९२६ च्या अखेरीस, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद अजून तिथे आहेत. मूळ वस्तूला मोल असतं, बाई.

भाची : मामा, राजवाड्यांचे कागद रात्री ट्रकसमोर उभे राहत नाहीत. आणि ज्या कागदावर नंतरच्या कुणी भर घातली ती राजवाडे ओळखायचे, वेगळी काढायचे. मी पिवळी तार काढतेय ती तशीच भर आहे. तपकिरी, पांढरी, हिरवी हेच मूळ लिखाण. मी त्याच रंगांची नवी तार ओढणार आहे.

हा जबाब चांगला आहे, पण पूर्ण नाही. नवी तार त्याच रंगाची असली तरी नवीच. सुताचं वेष्टण असलेल्या जुन्या तारेच्या जागी पीव्हीसीची आली की गाडीचा एक पुरावा गेला. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची फिवा ही शिखर संस्था आहे, तिने २०१३ मध्ये ट्यूरिनची सनद प्रसिद्ध केली. तिचं सार असं की शक्यतो जपा, बदल करावाच लागला तर तो नजरेत न भरणारा आणि पुन्हा पूर्ववत करता येईल असा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत ठेवावेत. भाचीने ही सनद वाचली नव्हती. पण काढलेल्या प्रत्येक तारेला तिने चिठ्ठी बांधून ती पोत्यात भरली, हे मी पाहिलं आहे. मामांच्या दुकानातून आजवर निघालेला जुना माल वर्षाच्या वर्षाला भंगारवाल्याकडे गेला, हेही त्यांनीच सांगितलं.

हेडलाइटवर दोघांचं लवकर जमलं, कारण तिथे आकडे बोलतात. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो. स्विचचे पत्रे काळे पडलेले, होल्डर गंजलेले, अर्थिंग रंगाच्या थरावर टेकलेलं. वाटेत कुठे दशांश एक ओहमचा अडथळा आला आणि दहा अँपिअर वाहत असतील, तर एक व्होल्ट तिथेच जिरतो. बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे दिवा पिवळा आहे म्हणून मोठा बल्ब लावणारा माणूस जास्त करंट ओढतो, वाटेत जास्त व्होल्ट जिरवतो आणि शेवटी स्विच जाळतो.

मामा : अर्थिंग साफ कर. पत्र्यापर्यंत घासून, थिंबल घट्ट बसवून, वरून ग्रीस. अर्ध्या गाड्या तेवढ्याने सुधारतात.

भाची : आणि दोन रिले. बॅटरीकडून जाड तार फ्यूजमार्गे रिलेला, रिलेतून बल्बला. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देईल. स्विच मूळचाच राहील आणि जळणारही नाही.

मामा : रिले दिसता कामा नये.

भाची : बॅटरीच्या मागे लपवते.

मामा : मग चालेल.

एलईडी बल्बला दोघांनीही नकार दिला. जुन्या गोल दिव्याची काच आणि परावर्तक एका बारीक फिलामेंटच्या जागेवर बेतलेले असतात. तिथे एलईडी घातला की प्रकाश भलतीकडे फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना गरम होऊन उघडझाप करणारा फ्लॅशर नीट चालतच नाही, कारण त्याला तापायला पुरेसा करंट मिळत नाही.

पॉइंटवर मात्र पुन्हा जुंपली.

भाची : डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. आतच मावतं, बाहेरून दिसत नाही. पॉइंट झिजत नाहीत, कंडेन्सर बसत नाही, पहाटे पहिल्या सेल्फला गाडी चालू.

मामा : आणि पळासनेरला बंद पडली तर? पॉइंट असले तर टोप काढायचा, नखाएवढ्या कानशीने साफ करायचे, काडेपेटीच्या कागदाने गॅप बघायची, चालू. पंधरा थाऊची गॅप माझ्या बोटांना पाठ आहे. तुझं ते डबडं गेलं तर काय करशील? मोबाइलवर रडशील?

भाची : जुनी पॉइंटची प्लेट जोडणी करून डिकीत ठेवीन. दोन स्क्रू, दोन तारा.

मामा : म्हणजे पॉइंट लागणारच. मग आधीच राहू दे ना ते जागेवर.

माझं मत मामांच्या बाजूने आहे, आणि ते केवळ हळव्या मनाने नाही. आग्रा रोडवर शिरपूरच्या पुढे गाडी बंद पडली तर जो मेकॅनिक भेटेल त्याला पॉइंट कळतील. न कळले तरी दिसतील तरी. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला दोष रस्त्यावर कुणालाच दिसत नाही. रोज कामाला जाणारी गाडी असती तर मी भाचीचं ऐकलं असतं. ही रविवारी निघणारी गाडी आहे.

मधे कायदाही आला. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली, अशी असली तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. हेरल्डचं उत्पादन १९७१ च्या सुमारास थांबलं आणि तिची जागा गॅझेलने घेतली, म्हणजे आज कुठलीही हेरल्ड या वयात बसते. वायरिंग किंवा अल्टरनेटर या मुद्द्यावर कुणी अडवील असं नियम वाचून वाटत नाही. अडचण दुसरीच आहे. हा क्रमांक घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

मामा : म्हणजे शेवभाजी खायला नेता येणार नाही?

भाची : दुरुस्तीला नेली म्हणायचं. खोटंही होणार नाही.

भाचीला एकदा मोह झाला होता. परदेशात जुन्या गाडीचं इंजिनच काढून बॅटरी आणि मोटर बसवतात. जग्वारच्या ई-टाइपचं असं विजेचं रूप २०१८ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राच्या लग्नात जगाने पाहिलं. मामांना तिने ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, मोबाइल परत दिला आणि चहा मागवला. फिवासुद्धा अशा गाडीला ऐतिहासिक मानायला तयार नाही, आणि या एका बाबतीत मामांचं आणि त्या संस्थेचं मत न भेटता जुळलं आहे. खानदेशात वीज तयार होते, भुसावळजवळ दीपनगरला कोळशापासून आणि साक्रीच्या माळावर उन्हापासून. पण हेरल्डचा ९४८ सीसीचा आवाज त्यातून येणार नाही, आणि तो आवाज गेला की मागे उरतो तो मिचेलोत्तीचा पत्रा.

गाडीचं काय झालं ते सांगतो. वायरिंग सगळं नवं झालं, मूळ रंगांत. पाच फ्यूजची पेटी डॅशबोर्डच्या आत बसली, बॅटरीपाशी एक कट-ऑफ स्विच आला. रिले लपवले. पॉइंट राहिले. डायनॅमो मामांनी स्वतः उतरवला, आर्मेचर भरलं, बुश बदलला आणि पुन्हा चढवला. तो भरताना भाची शेजारी बसून होती, कुठली तार कुठल्या पट्टीवर जाते ते वहीत उतरवून घेत. प्लस अर्थ तसाच ठेवला आणि बॅटरीच्या शेजारी पांढऱ्या रंगात तशी ठळक सूचना लिहिली. बल्ब मूळ वॉटचेच. रात्रीचा प्रवास ठरला तर मारुतीचा अल्टरनेटर बसवायची पट्टी भाचीने करून ठेवली आहे, ती मामांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. बसवायची वेळ आली तर बॅटरीही फिरवावी लागेल, आणि ती कोण फिरवणार यावर त्यांचं अजून ठरत नाही.

निकाल द्यायचा तर माझ्या मते असा. जो भाग भरता येतो, घासता येतो, उघडून बघता येतो तो राहू द्यावा. डायनॅमो, सेल्फ, पॉइंट, स्विच हे सगळे त्यात आले. जो भाग फक्त कुजतो त्याची पूजा करू नये. तारेवरचं रबर कुजतं, आणि कुजलेल्या रबराला दुरुस्ती नाही. फ्यूज कारखान्याने दिले नव्हते म्हणून आपणही देऊ नयेत, हा हट्ट जळालेल्या गाडीपाशी नेऊन ठेवतो.

ज्यांच्या घरी हेरल्ड, फियाट, अॅम्बॅसॅडर किंवा एखादी खरीच स्पोर्ट्स कार उभी असेल त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी वायरमन येईल तेव्हा त्याच्याकडून वायरिंगचा नकाशा हाताने का होईना काढून घ्या. कुठली तार कुठून कुठे, कुठल्या रंगाची, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला, काय बदललं आणि कधी, एवढं त्यावर असावं. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा, आणि काढलेले भाग भंगारवाल्याला देऊ नका.